दम लागला, पण कशाने?

३ जून २०२१ ची रात्र. कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती, पण खोकल्याची धास्ती अजून गेली नव्हती. रात्री दहा-सव्वादहाच्या सुमारास बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यातून वायू सुटला. सल्फ्युरिक आम्ल आणि मिथाइल बेंझीन यांची नको ती गाठ पडली होती. तीनेक किलोमीटरच्या परिघात लोकांचे डोळे चुरचुरले, घसा धरला, धाप लागली. तासाभरात अग्निशमन दलाने गळती आटोक्यात आणली आणि जीवितहानी टळली. पण त्या रात्री खोकत दवाखान्यात आलेल्या माणसाला नेमके काय झाले आहे, हे नुसते छातीला स्टेथोस्कोप लावून कोण सांगणार? कोरोना, उसळलेला दमा, वायूने झालेला दाह, आत दडलेला क्षय, यांतले काहीही असू शकत होते. खोकला तोच, धाप तीच आणि ऑक्सिमीटरवरचा उतरता आकडाही तोच.

आजारी पडलेले फुफ्फुस दोन-तीनच तऱ्हेने तक्रार करते, कारणे मात्र डझनावारी असतात. म्हणून पहिल्या दिवशी निदान चुकणे हा काही गुन्हा नव्हे, ते जगभर चुकते. खरी अडचण त्यापुढे येते. केसपेपरवर पहिल्यांदा लिहिलेले नाव पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाते आणि ते खोडून दुसरे लिहायची वेळ आली आहे का, हे कोणी पाहत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हे का घडते, ते समजायला आधी ही गावे आणि इथल्या रुग्णाची वाट पाहावी लागेल.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती, आणि एवढी माणसे राहतात ती अवघ्या तेरा-साडेतेरा चौरस किलोमीटरांत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, १९४९ मध्ये गावाला नाव मिळाले, तरी पत्ता आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असाच सांगितला जातो. घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून घर ही इथली जुनी रीत. जीन्सचा धंदा त्यातच वाढला. अंबरनाथात (तेव्हा २,५३,४७५ वस्ती) आयुध निर्माणी, काडेपेट्यांचा जुना कारखाना आणि औद्योगिक वसाहतीतली रसायने. बदलापूर (१,७४,२२६) म्हणजे पहाटेची लोकल पकडणाऱ्यांचे गाव. हे आकडे आता जुने झाले आहेत. जनगणना लांबली आणि इमारती मात्र थांबल्या नाहीत. दाटीची घरे, भरलेले डबे, हवेत रसायने आणि चार महिने ओल. श्वसनाच्या आजाराला याहून जास्त काय लागते?

रुग्णाची वाट साधारण ठरलेली असते. आधी केमिस्टकडून दोन गोळ्या, मग गल्लीतला दवाखाना, मग नर्सिंग होममध्ये सलाईन. पैसे संपले किंवा दम वाढला की उल्हासनगर कॅम्प तीनचे मध्यवर्ती रुग्णालय. तिथे व्हेंटिलेटरची खाट नसली की ‘पुढे न्या’, आणि पुढे म्हणजे कळवा, नाहीतर मुंबईतली शीव, केईएम, जेजे ही रुग्णालये. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी मागे राहते. कधी एक्स-रेची फिल्म, कधी रक्ताचा अहवाल, तर कधी कोणते इंजेक्शन किती दिवस दिले याची नोंद. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा कारणे वेगवेगळी असल्याचे आणि बरेच रुग्ण अत्यवस्थ होऊनच आल्याचे सांगण्यात आले. त्या खुलाशावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णाची ही वाट किती लांब आहे, हेही त्यातून दिसले.

न्यूमोनियाचे नेमके कारण सापडणे किती कठीण असते, याचा दाखला अमेरिकेतून घेता येईल. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांची कसून तपासणी केली. घशातले नमुने, रक्त, लघवी, थुंकी यांपैकी जे मिळाले ते सगळे तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जंतू सापडला फक्त ३८ टक्के रुग्णांत, आणि त्यातही जीवाणूंपेक्षा विषाणू अधिक निघाले. पुस्तकात पहिले नाव असलेला न्यूमोकोकस हा जीवाणू पाच टक्क्यांच्या आसपासच होता. तिथे लहान मुलांना आणि वृद्धांना लस बरीच आधीपासून मिळते, हेही त्याचे एक कारण. महाराष्ट्रात बाळांना न्यूमोकोकसची लस सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती २०२१ पासून, त्यामुळे आपल्याकडचे प्रमाण तेच असेल असे धरून चालता येणार नाही. पण एवढ्या तपासण्या करूनही जिथे निम्म्याहून अधिक रुग्णांत कारण हाती लागत नाही, तिथे कॅम्प चारच्या नर्सिंग होममध्ये पहिल्या तासाला झालेले निदान हा अंदाजच असणार. अंदाजावर उपचार सुरू करणे योग्यच आहे, कारण गंभीर न्यूमोनियात प्रतिजैविक द्यायला उशीर करता येत नाही. मात्र ते इंजेक्शन देण्याआधी रक्ताची एक बाटली कल्चरला आणि थुंकीची एक डबी तपासायला गेली, तरच तो अंदाज तिसऱ्या दिवशी तपासून पाहता येतो.

ही डबी जात नाही. खोकून आतला बेडका काढायला रुग्णाला शिकवावे लागते, बाटली वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते आणि अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो किंवा ‘पुढे’ गेलेला असतो. उलट एक्स-रे आणि सीटी स्कॅन लगेच दिसतात आणि नातेवाइकांना दाखवता येतात. कोरोनाच्या काळात तर ‘स्कोअर किती?’ हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा प्रश्न होऊन बसला होता. पंचवीसपैकी मिळालेले ते गुण फुफ्फुसाचा किती भाग व्यापला आहे एवढेच सांगत. कशाने व्यापला, हे त्यात नसे.

क्षयाच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. एक्स-रेवर वरच्या भागात डाग दिसला की थुंकी न तपासताच क्षयाची औषधे सुरू करायची, ही एक. दुसरी अधिक छुपी आहे. खोकला हटत नाही म्हणून लेव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स दिला जातो. हे औषध क्षयाच्या जंतूवरही काम करते, त्यामुळे रुग्णाला आठ-दहा दिवस बरे वाटते, थुंकीतले जंतू घटतात, तपासणी निगेटिव्ह येते आणि महिनाभराने तोच माणूस आणखी खंगून परततो. तेवढ्या काळात घरच्यांना आणि डब्यातल्या सहप्रवाशांना लागण होऊ शकते आणि जंतू औषधाला सरावू शकतो, हे वेगळेच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. जवळपास दोन दशकांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने धारावीत तीच पाहणी केली, तेव्हा १०६ डॉक्टरांकडून ६३ योजना निघाल्या. पुढे २०१४-१५ मध्ये संशोधकांनी मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ खासगी दवाखान्यांत पाठवले. क्षयाची लक्षणे सांगणाऱ्या या रुग्णांची हाताळणी ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली ती तीनांतल्या जेमतेम एका भेटीत. उल्हासनगर-बदलापूरचे दवाखाने याहून वेगळे असतील, असे मानायला काही कारण दिसत नाही.

गंमत म्हणजे क्षयाची जलद तपासणी करणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीने बनवलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. साधारण तासाभरात ते क्षयाचे जंतू आहेत की नाहीत हे सांगते आणि पुढच्या तासाभरात रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही, तेही. अर्थात त्यालाही आधी थुंकी लागतेच.

साथ नवी असली की नावावरून हमखास गोंधळ होतो. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या तापाने माणसे पटापट मरू लागली. हा प्लेग की आणखी काही, यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे खल चालला. लेप्टोस्पायरा, हंटाविषाणू, मेलिऑइडोसिस अशी नावे पुढे आली; पुढे जनुकीय तपासणीने प्लेगवर शिक्कामोर्तब केले. साथीच्या दिवसांतच लाखो लोक सुरत सोडून गेले होते. सरकारी नोंदीत पन्नासहून अधिक मृत्यू आहेत. त्यानंतर २००९ चे पुणे. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला तिथे झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. साधा ताप-सर्दी, मग न्यूमोनिया, असे उपचार होत गेले आणि फ्लूची तपासणी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या वेळी शंका परदेशप्रवास केलेल्यांवर आणि त्यांच्या संपर्कातल्यांवर घेतली जाई, नमुने ठरावीक सरकारी केंद्रांतून राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात, खासगी डॉक्टरला तपासणीची सोय नव्हती. दोष एका डॉक्टरच्या डोक्यावर मारून मोकळे होणे सोपे असते. पण शंका कोणावर घ्यायची याचा नियमच इतका अरुंद होता की त्यातून ती मुलगी निसटणारच होती.

दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये हाच अनुभव भारी किमतीला विकत घेतला. आखातातून परतलेला एक ६८ वर्षांचा माणूस ताप-खोकला घेऊन चार दवाखाने हिंडला. मर्स या विषाणुजन्य श्वसनरोगाचे निदान झाले ते २० मे रोजी. तोवर वॉर्डांत, आणि त्यानंतर गर्दीच्या आपत्कालीन विभागांत, रोग पसरला होता. एकूण १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. कोरिया काही गरीब देश नव्हे आणि तिथे यंत्रांचाही तुटवडा नव्हता. तो माणूस कुठून आला आहे, हे वेळेत कळले नाही.

उल्हासनगर-बदलापूरच्या डॉक्टरला ‘कुठून आलास?’ हा प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो: काम काय करतोस, पाणी कुठे भरले होते, घरात कोणाला कसला आजार आहे? यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक आजार उभा आहे, आणि एक्स-रेवर तो न्यूमोनियासारखा दिसतो.

पाण्याचे घ्या. २६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्याने भोगला, आणि २०१९ च्या जुलैअखेर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरा पायाच्या चिरांतून शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळ्यांत लाली, आणि काहींना चार-पाच दिवसांत थेट फुफ्फुसात रक्तस्राव. दोन्ही बाजूंना ठिपक्या-ठिपक्यांचा एक्स-रे, थुंकीत रक्त. कोणी न्यूमोनिया म्हणतो, कोणी क्षय. प्लेटलेट उतरलेल्या दिसल्या तर डेंग्यू. साध्या पेनिसिलिन गटातल्या औषधाने किंवा डॉक्सिसायक्लिनने वेळेत आवरणारा हा आजार एकदा फुफ्फुसात रक्त उतरले की तासातासाला हाताबाहेर जातो. पावसाळ्यात हिवतापही कधीकधी असेच फुफ्फुस निकामी करतो.

कामाचा प्रश्न तर इथे रोजचा आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात टँकरने वालधुनी नदीत रसायन ओतले आणि रात्रीत शेकडो लोक उलट्या, जळजळ, गुदमर घेऊन रुग्णालयात पोहोचले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली वसाहतीतल्या गळतीने शहरभर धुरकट चादर पसरली. अशा वेळी निदान सहसा चुकत नाही, कारण सगळ्यांना एकदम त्रास होतो आणि बातमी रुग्णाच्या आधी पोहोचते. निदान चुकते ते एकट्या कामगाराचे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसारखे काही वायू पहिल्यांदा थोडासाच खोकला आणतात. माणूस पाळी संपवून घरी जातो, जेवतो, झोपतो आणि काही तासांनी त्याचे फुफ्फुस पाण्याने भरते. रात्री दोन वाजता आलेल्या या रुग्णाला ताप असू शकतो, पांढऱ्या पेशीही वाढलेल्या असू शकतात. ‘छातीत इन्फेक्शन’ म्हणून प्रतिजैविक चढते, त्याचा उपयोग काहीच नसतो. कारखान्यात काय सांडले हे कंत्राटी कामगार स्वतःहून सांगेल याची खात्री नाही. नोकरी जाण्याची भीती त्याला फुफ्फुसापेक्षा जवळची वाटते.

धुळीचे प्रकरण याहून संथ आहे. सिलिकाच्या बारीक धुळीने फुफ्फुस कडक होते आणि एक्स-रेवर ते क्षयासारखे दिसते. तुर्कस्तानात जीन्सला फिकट, वापरलेला रंग यावा म्हणून वाळूचा मारा करणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे उघडकीला आले आणि २००९ मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली. जीन्सवर पोट असलेल्या शहरातल्या डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

आणि घरचा आजार. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे, हे जुने निरीक्षण. ज्या थॅलेसेमिया रुग्णाची प्लीहा काढलेली असते त्याला न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत गाठतात, म्हणून त्याचा साधा वाटणारा ताप साधा धरायचा नसतो. बदलापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णात सिकलसेलची शक्यता धरावी लागते. सिकलसेलमध्ये छातीत दुखणे, ताप, धाप आणि एक्स-रेवर नवा डाग असे एकत्र आले तर त्यावरचे उपाय निराळे असतात. प्रतिजैविकासोबत वेदनाशमन, ऑक्सिजन आणि कित्येकदा रक्त बदलण्यापर्यंत जावे लागते. नुसता न्यूमोनिया म्हणून सोडून दिले तर हाच प्रसंग जिवावर बेततो.

आतापर्यंतच्या बहुतेक चुका होत्या निदान हुकल्याच्या. उलटी चूकही मोठी आहे: न्यूमोनिया नसताना न्यूमोनिया. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ४८ रुग्णालयांतल्या १७,२९० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाचा शिक्का बसलेल्या दर आठांपैकी जवळपास एकाच्या बाबतीत तो निकषांत बसत नव्हता. त्यात वयस्कर, स्मृतिभ्रंश झालेले, गोंधळलेल्या अवस्थेत आलेले रुग्ण अधिक होते, म्हणजे ज्यांना आपली हकीकत नीट सांगता येत नाही असे. हृदय कमकुवत झाल्याने फुफ्फुसात साचलेले पाणी, पायातून सुटून फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, झोपेत श्वासनलिकेत गेलेले अन्न, ही सगळी सोंगे न्यूमोनियाच्या नावाखाली खपतात. आजोबांना रात्री पाठ टेकवून झोपवत नाही, पाय सुजले आहेत, हे घरच्यांना माहीत असते. ते विचारले तर हृदयाचा इको करायचे सुचते.

रुग्णालयात आल्यावर जडणारा संसर्ग हा तिसरा प्रकार, आणि अतिदक्षता विभागात तोच सर्वांत निर्दय. श्वासनळीत नळी घालून दोन दिवस उलटले की तिच्या कडेने जंतू खाली उतरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी नोंदींत यातला अॅसिनेटोबॅक्टर हा जंतू दहातल्या जवळपास नऊ वेळा कार्बापेनेम गटाच्या औषधांना जुमानत नाही. ही औषधे एरवी शेवटचा आधार मानली जातात. मग कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला जड जाणारे औषध काढावे लागते. इथेही निदानाचा पेच आहेच. नळीतल्या स्रावात जंतू उगवला म्हणजे तो आजाराला कारण आहेच असे नसते. कित्येकदा तो नुसता वस्तीला असतो. ताप, ऑक्सिजनची वाढती गरज, नवा डाग यांतले काही नसताना केवळ अहवालावर औषध चढवले, की पुढच्या खाटेवरच्या रुग्णासाठी आणखी चिवट जंतू तयार होतो. हात धुणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, नळी लवकर काढता येईल का हे रोज पाहणे, या कंटाळवाण्या कामांनी हा संसर्ग बराच घटतो. त्यासाठी परिचारिका पुरेशा लागतात, आणि सरकारी रुग्णालयांत त्यांचीच पदे रिकामी असतात.

यंत्राशिवाय किती साधते याचे उदाहरण याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाअखेर गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ, वर्षाच्या आतल्याला पन्नास, त्यावरच्याला चाळीस; या मर्यादेला पोहोचले की औषध सुरू. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालात न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. कॅम्पातल्या किती दवाखान्यांत घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले जातात, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग बंधनकारक असतो, म्हणजे थुंकी आणि रक्ताचे कल्चर उद्या गावातच होऊ शकेल. छातीविकार विभागाचे मात्र तसे राहिलेले नाही. ऐन कोरोनात, २०२० मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएससाठीच्या अनिवार्य विभागांतून तो वगळला आणि देशभरच्या छातीविकारतज्ज्ञांनी त्याला विरोध केला. अंबरनाथात तो विभाग सुरू करायला कोणाची आडकाठी नाही. त्याहून स्वस्त एक काम आहे: कल्चरचा अहवाल तिसऱ्या दिवशी तयार होतो तेव्हा रुग्ण मध्यवर्ती रुग्णालयात आहे, कळव्याला आहे की घरी, हे शोधून फोन करणारा एक माणूस नेमणे.